सावर फुललीय आणि कागद कोरा आहे

"ताई, मी ३६ वर्षांची. जे.जे.तून शिकले, भांडुपला राहते, घरूनच काम करते. पुस्तकांची चित्रं, लग्नांत लाइव्ह पेंटिंग, काळा घोडा महोत्सवात प्रिंट्स. डिसेंबर-जानेवारीत मान वर करायला वेळ नसतो आणि फेब्रुवारी संपता संपता फोन थंडावतो. दोन बिलं डिसेंबरपासून अडकलीत. सासूबाई म्हणतात, घरीच असतेस तर बँकेत जाऊन ये, गॅसवाल्याकडे बघ. दरवर्षी मी काटेसावरीची चित्रं करते, फक्त स्वतःसाठी. यंदा झाडं फुलली, गळायलाही लागली, माझी एक रेघ ओढून झाली नाही. परवा रस्त्यावर पडलेलं फूल बघून रडू आलं. जूनपासून एका शाळेत चित्रकला शिक्षिकेची जागा मिळतेय. घेऊ का? मी चित्रकार उरलेय का?"

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या पडलेल्या फुलापाशीच थांबले. त्याच्याकडे येते, पण आधी पैशांचं बोलू, कारण पैसे अडकलेले असले की हात कागदावर उतरत नाही. हे मी भोगलंय. तिशीत मी दिवाळी अंकांसाठी चित्रं करायचे. एका प्रकाशनाने माझं बिल आठ महिने रखडवलं. त्यांच्या बाहेरच्या बाकावर तास-दोन तास बसून घरी यायचे आणि रंग भिजवावेसेच वाटायचे नाहीत. आपलं काम बरं नसेल म्हणून देत नसतील, असंच मनात यायचं. तसं काही नव्हतं. तुझ्याही बाबतीत नाही.

मार्च लागलाय. ३१ तारखेला हिशेबाचं वर्ष संपतं, त्याआधी अकाउंट्सवाले पडून राहिलेली बिलं हातावेगळी करायला बघतात. तेव्हा ज्यांनी काम दिलं त्यांना आर्जवी मेसेज करत बसू नकोस. बिलाची तारीख, रक्कम आणि पॅन घालून थेट अकाउंट्सला ईमेल कर, या आठवड्यातच, आणि दोन दिवसांनी फोन कर. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, झालेली नसेल तर पुढचं काम घेण्याआधी करून टाक, ती मोफत होते. नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात, उशीर झाला तर व्याजही मागता येतं. २००६च्या कायद्यात तसं लिहिलंय. बिलावर तो नोंदणी क्रमांक असू दे, बोलण्यात आपोआप बळ येतं.

फोन थंडावले ते तुझ्यामुळे नाही गं. आपल्या धंद्याचं वर्षच तसं असतं. पावसाळ्यात दिवाळी अंक, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, मग काळा घोडा, आणि शाळांना सुट्टी लागली की मुलांची शिबिरं. मधला फाल्गुन रिकामा. तू त्याला मंदी म्हणतेस. मला तो तुझा हक्काचा महिना वाटतो, सावरही नेमकी याच दिवसांत फुलते. फक्त त्याची सोय डिसेंबरात करायची, दर पेमेंटमधून थोडे पैसे मार्चच्या नावाने बाजूला काढून. यंदा राहिलं, पुढच्या वर्षी कर.

आणि या दिवसांतला सकाळचा उजेड बघ. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातला उगवतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पावणेसातच्या आत. अर्धा तास जास्तीचा मिळाला, आणि ऊन अजून अंगावर येत नाही. अकरानंतर पंख्याशिवाय बसवत नाही. पंखा लावला की दुसरा हात फिरवायच्या आत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळून डाग धरतो, मनगटाखाली कागद ओला होतो तो वेगळाच. तुला जलरंगात काम करायचं असेल तर सात ते नऊ ही वेळ हवी.

ती मिळवायला भांडण नको, पण घरात मोठ्याने सांगावं लागेल. सासूबाईंना म्हण, "आई, सात ते नऊ मी कामावर आहे, बँकेचं काम दहानंतर करते." घड्याळातली वेळ सांगितली की माणसं ऐकतात, "मला वेळच मिळत नाही" ही तक्रार कुणी ऐकत नाही. नवऱ्याचा डबा नवऱ्याने भरावा. त्यात काही अवघड नाही.

आता शाळा. दुपारच्या अधिवेशनात जागा असेल तर घे. दरमहा ठरलेला पगार आला की नको ती लग्नं नाकारता येतील. सकाळचं अधिवेशन असेल तर मात्र नाही म्हण, कितीही आग्रह झाला तरी. त्याऐवजी शनिवार-रविवार घरीच एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना शिकव, चाळीत-सोसायटीत मुलं मिळतात. पण होकार-नकार एप्रिलपर्यंत कळवू नकोस. ती दोन बिलं आधी सुटू देत. आज तू जे ठरवशील ते धास्तीने ठरवशील.

चित्रकार उरलेय का, विचारतेस. सावरीचं मांसल फूल रस्त्यात पडलेलं असलं की लोक पाय घसरेल म्हणून बाजूने जातात. तू तिथे उभी राहिलीस आणि तुला रडू आलं. यावर मी आणखी काय सांगू?

उद्या पहाटे पडलेलं एक फूल उचलून आण. स्टीलच्या ताटलीत ठेवू नकोस, लाल रंग तिच्यात उमटून डोळ्यांना फसवतो. पांढरी बशी घे. झाड रंगवायचं मनातही आणू नकोस, पाच जाड पाकळ्या आणि मधला केसरांचा झुबका एवढंच. दुपारपर्यंत कडा काळवंडायला लागतील, म्हणून नऊच्या आत उरक. बिघडलं तर परवा दुसरं फूल पडलेलं असेलच. कसंही झालं तरी मला फोटो पाठव, मी वाट बघतेय.