कोर्ट महापालिकेला शाळेसाठी पैसे द्यायला लावू शकतं का?

तुमचा प्रश्न असा, की पुण्यातल्या मनपा शाळेत सहावी ते आठवीला गणिताचे शिक्षक नाहीत, विचारलं की "निधी नाही" असं उत्तर मिळतं, तर हायकोर्टात जाऊन निधी वाढवून मागता येईल का?

निधी मागायला जाऊ नका, शिक्षक मागायला जा. अंदाजपत्रक कसं असावं यात न्यायालयं सहसा पडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या अभय नंदन इंटर कॉलेजच्या प्रकरणात सांगितलंय की शासकीय अनुदान हा मूलभूत हक्क नाही, तो धोरणाचा विषय आहे.

पण जे कायद्यानेच द्यायचं ठरलंय, तिथे पैसे नसल्याची सबब टिकत नाही. १९८० चं रतलाम नगरपालिकेचं प्रकरण गटारांचं आणि सांडपाण्याचं होतं, तरी वकील आजही तो निकाल दाखवतात तो याचसाठी. आणि तुमची बाजू याच ठिकाणी भक्कम आहे. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा किमान एक शिक्षक आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक असं लिहिलेलं आहे. कलम २६ प्रमाणे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या ठेवता येत नाहीत. गणिताविना आठवी ओलांडलेलं मूल नववीत कोलमडतं, आणि दोष त्याच्याच माथी मारला जातो. मला याचा फार राग येतो.

कायद्यावर बोट ठेवलं की काय होतं हे २०२४ मध्ये आपण पाहिलंच. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला आरटीईखालच्या वंचित-दुर्बल घटकांतल्या मुलांच्या २५ टक्के प्रवेशांतून सूट, अशी अधिसूचना शासनाने ९ फेब्रुवारीला काढली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती रद्दच केली. या मुलांच्या फीपोटी शासनाने खासगी शाळांना द्यायची भरपाई मात्र पुढेही थकतच राहिली. निकाल लागला म्हणून पैसे आपोआप सुटत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

आधी कागद जमवा. संचमान्यता (पटसंख्येनुसार शाळेला मंजूर झालेली शिक्षकांची पदं) आणि रिक्त पदांचा तपशील माहिती अधिकारात मागवा. शाळा व्यवस्थापन समितीकडून शाळा विकास आराखड्यात गणित शिक्षकाची मागणी लिहून घ्या. आरटीईच्या कलम २२ प्रमाणे शासनाच्या आणि महापालिकेच्या अनुदानाचा आधार हाच आराखडा असतो, आणि अनेक शाळांत तो मागच्या वर्षीचा उतरवलेला असतो. मग कलम ३२ खाली महापालिकेकडे लेखी तक्रार करा, पोचपावती घ्या. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. त्यावरचं अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे.

एवढं करूनही हललं नाही तर हायकोर्टात रिट याचिका, म्हणजे प्रशासनाला कायदा पाळायला लावा अशी मागणी. पुण्याची प्रकरणं मुंबईलाच चालतात, हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे नाही. आणि महापालिकेबरोबर राज्य शासनालाही प्रतिवादी करा, नाहीतर "भरतीची मंजुरी वरून आली नाही" हे उत्तर ऐकण्यात पुढच्या तारखा जातील.