मान-खांद्याच्या जुन्या स्नायूदुखीवर इंजेक्शन घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की मान आणि खांद्यामधला स्नायू दोन वर्षं दुखतोय, गोळ्या-शेक सगळं झालं, आता डॉक्टर इंजेक्शन म्हणतात आणि भीती वाटते. माझाही हाच स्नायू चार वर्षं दुखत होता. मी तीनदा इंजेक्शन घेतलं. मी डॉक्टर नाही, पण भोगून आणि वाचून जे कळलं ते सांगते.

आधी विचारा की सुईत काय असणार आहे. मी पहिल्या वेळी विचारलंच नाही. बहुतेकदा ते ट्रिगर पॉइंट इंजेक्शन असतं. ट्रिगर पॉइंट म्हणजे स्नायूत बोटाला लागणारी घट्ट गाठ, ती दाबली की कळ कधी डोक्यापर्यंत जाते. त्या गाठीत लिडोकेनसारखं बधिर करणारं औषध थोडंसं सोडतात. सुई नेमकी लागली की स्नायू क्षणभर आपोआप उडतो. माझा उडाला तेव्हा मी घाबरले होते, पण जागा बरोबर सापडल्याची ती खूण मानतात.

औषधाइतकंच काम सुईचंही असतं. कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी 1979 मध्ये नुसत्या सुईनेही वेदना शमते हे मांडलं. हल्लीचं ड्राय नीडलिंग, म्हणजे औषध न सोडता नुसती सुई टोचणं, त्याच वाटेवरचं. म्हणून स्टेरॉइड मिसळणार असतील तर कशासाठी, हे नक्की विचारा. अशा गाठींमध्ये त्याचा जास्तीचा फायदा ठामपणे दिसलेला नाही. मधुमेह असेल तर साखर काही दिवस चढते, टोचल्या जागची त्वचा पातळ किंवा फिकट पडू शकते. सुईत बोटॉक्स असेल, तर ते स्नायूचं आकुंचन साधारण तीन महिने सैल करतं. मान एका बाजूला ओढली जाणाऱ्या डिस्टोनियात ते खरोखर उपयोगी आहे, पण तुमच्या-माझ्यासारख्या दुखण्यात अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत.

पहिल्या इंजेक्शननंतर मला इतकं हलकं वाटलं की मी पूर्वीसारखीच तासन्‌तास मान खाली घालून काम करत बसले. तीन आठवड्यांत दुखणं जसंच्या तसं परत आलं. दुसऱ्या वेळी फिजिओथेरपिस्टने त्याच दिवशी स्नायू ताणून घेतला आणि खांद्यांच्या पात्यांचे व्यायाम शिकवले. ते मी रोज केले आणि पुढचे सात महिने बरे गेले. मधे व्यायाम सुटला म्हणून तिसरं घ्यावं लागलं. दुखणं कमी असतानाचे ते आठवडे व्यायामासाठी फार मोलाचे असतात, ते वाया घालवू नका.

रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर आधी सांगा. नंतर एक-दोन दिवस ठणकतं, त्याला घाबरू नका. पण फुफ्फुसाचं टोक तिथून जवळच असतं आणि क्वचित सुई खोल जाऊन फुफ्फुसाभोवती हवा भरते. दम लागला किंवा छातीत कळ आली तर सकाळची वाट न बघता लगेच इस्पितळात जा.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही. हाताला मुंग्या येतात का, पकड सैल होते का? तसं असेल तर मूळ मानेच्या मणक्यात असू शकतं. आणि दुखणं अंगभर फिरत असेल, झोपूनही थकवा जात नसेल, तर फायब्रोमायल्जिया किंवा थायरॉइडचा विचार व्हायला हवा. यातलं काही असेल तर सुई टोचून घेण्याआधी डॉक्टरांना सांगा, आणि इथेही लिहा.