लग्नानंतर जर्मनीत आले, आठ महिने झाले. सगळं असूनही रोज रडू येतं आणि घरी सांगता येत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की नवरा चांगला आहे, घर चांगलं आहे, पैशाची ददात नाही, आणि तरी तिन्हीसांजेला छातीत धस्स होतं. आईचा फोन आला की तोंड धुऊन, हसून "मजेत आहे" म्हणता. ते वाचून मी स्वयंपाक अर्धा टाकून लिहायला बसले.

मी मिरजेची. स्टुटगार्टला आले त्याला आता बारावं वर्ष. नवरा गाड्यांच्या क्षेत्रात इंजिनीअर, पुण्याहून इकडे येणारे बरेच जण असतात तसाच.

आधी त्या तिन्हीसांजेबद्दल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचार तासांचा होतो. डिसेंबरात साडेचारलाच अंधारून येतं. साडेपाचला मिरजेत रात्रीचे दहा वाजलेले असतात. आईबाबा झोपलेले, मैत्रिणी मुलांना निजवतायत, नवरा अजून वाटेत. त्या दीड-दोन तासांत या पृथ्वीवर माझ्याशी बोलायला कुणीही जागं किंवा मोकळं नसायचं. मला वाटायचं माझ्यातच काही खोट आहे. तसं काही नव्हतं, आणि तुमच्यातही नाही. पुढे मी आईचा फोन दुपारी एकला घेऊ लागले, तिच्या संध्याकाळच्या चहाच्या वेळी. आणि अंधार पडायच्या आत घराबाहेर असायचंच, असं ठरवलं. फोल्क्सहोखशुलंचा, म्हणजे शहराच्या लोकशिक्षण केंद्राचा, जर्मनचा वर्ग मुद्दाम संध्याकाळचा घेतला. भाषा हळूहळू आली, पण ती वेळ पहिल्या आठवड्यापासून सुसह्य झाली.

आता "घरी सांगता येत नाही" याबद्दल. मला खरं तर यावरच बोलायचंय.

इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी माझा गर्भपात झाला, दहाव्या आठवड्यात. आईला कळवलं नाही. ती इतक्या लांबून काय करणार, उगाच जिवाला घोर लागेल, असं वाटलं. त्याच हिवाळ्यात बाबांची अँजिओप्लास्टी झाली. ती मला नऊ दिवसांनी कळली, तीही चुलतभावाच्या तोंडून निघून गेली म्हणून. त्या नऊ दिवसांत आई माझ्याशी रोज बोलली होती. "बाबा बाहेर गेलेत, बाबा आंघोळीला गेलेत." मी चिडून फोन केला, "मला का नाही सांगितलं?" आई म्हणाली, "तू तिकडे एकटी, तुला कशाला त्रास." माझंच वाक्य होतं ते. मी गप्प झाले, आणि मग माझंही सांगून टाकलं. दोघी बराच वेळ रडलो. आईने विचारलं, "मग तुला जेवायला कोण घालत होतं गं?" तिला पहिला प्रश्न हा पडला.

तिला धक्का बसला, हे खरं. पण त्यानंतर ती माझ्याशी अशी बोलू लागली, जशी आधी कधीच बोलली नव्हती. म्हणून सांगते, सगळं एकदम नको, पण एक खरं वाक्य सांगून बघा. "आई, आज करमत नाहीये." "एवढं चांगलं झालंय, रडतेस कशाला?" असं ती पहिल्यांदा म्हणेलही. वाईट वाटून घेऊ नका, तीही घाबरते.

नवऱ्यालाही सांगा. तो दमून येतो म्हणून तुम्ही बोलत नाही, हे समजतं. पण माझा नवराही माझ्यापासून लपवत होता. नोकरीचे पहिले सहा महिने सहसा प्रोबेत्साइट, म्हणजे पारखून बघायचा काळ, असतो, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढून टाकता येतं. त्या धास्तीने त्याला झोप लागत नव्हती आणि मी मात्र त्याचं सगळं सुरळीत चाललंय असं धरून चालले होते.

माणसं कुठे भेटतील, असंही विचारलंय. महाराष्ट्र मंडळात जरूर जा, गणपतीत आरती म्हटली की घसा मोकळा होतो. पण तेवढ्यावर राहू नका. आमच्या इमारतीत, इकडच्या रिवाजाप्रमाणे, केरवोखं असतो. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लागते आणि त्या आठवड्यात जिना त्याने झाडायचा. माझ्या पहिल्या पाळीला समोरच्या आजी दारात येऊन बोटाने पायऱ्यांचे कोपरे दाखवू लागल्या. "एक्कं, एक्कं." एक्कं म्हणजे कोपरा, हे तेव्हाच कळलं. मला रडूच फुटलं. त्यांनी हातातला झाडू काढून घेतला, आत नेलं, सफरचंदाचा केक आणि कॉफी समोर ठेवली आणि काहीही विचारलं नाही. पुढची सात वर्षं दर गुरुवारी मी त्यांच्याकडे जात होते.

तुमचं निवास-कार्ड एकदा नीट वाचा. त्यावर "एर्व्हेर्ब्सटेटिगकाइट एर्लाउब्ट" लिहिलं असेल तर तुम्हाला नोकरी करायची मुभा आहे. मी हे वर्षभर वाचलंच नव्हतं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. झोप उडाली असेल, अन्नावरची वासना गेली असेल आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस असंच चाललं असेल, तर हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे जा आणि हेच सांगा. सरकारी विम्यात मानसोपचार बसतात, पहिल्या भेटीची वेळ 116117 वर मागता येते. पुढच्या उपचारांसाठी बरेच महिने थांबावं लागतं, म्हणून नाव आजच घाला. जीव नकोसा वाटला तर थांबूच नका, 112 लावा. टेलिफोनझेलझोर्गं, म्हणजे मनाला आधार देणारी हेल्पलाइन, तिच्या 0800 1110111 वर रात्रंदिवस फुकट बोलता येतं. समोरचा जर्मन बोलेल, तेव्हा नवऱ्याला शेजारी बसवा.

माझ्याकडे आता दर रविवारी दुपारी एकला बाबा आधी बीपीचा आकडा सांगतात, मग मी माझं सांगते. गेल्या रविवारी 146/90 होतं. लोणचं खाल्लं होतं, तेही कबूल केलं त्यांनी.