दुखणं ‘अंगावर काढणं’ म्हणजे नेमकं काय काढणं?

प्रश्न एका इंटर्न मुलीचा आहे. पेशंट म्हणाली, “सहा महिने अंगावर काढलं,” आणि केसपेपरवर ते कसं लिहावं हे हिला कळेना. यातलं ‘काढणं’ कसलं, असं तिनं विचारलंय.

हे काढणं बाहेर ओढून काढण्यातलं नव्हे, ‘दिवस काढले’, ‘रात्र बसून काढली’, ‘जरा कळ काढ’ यातलं. वेळ रेटून नेणं. औषधपाण्याशिवाय दुखण्याचे दिवस अंगावर झेलत घालवले, असा अर्थ.

खरी गंमत ‘अंग’ची आहे. संस्कृतात अंग म्हणजे अवयव, आणि शरीरही. मराठीत मुख्यतः अख्खं शरीर हाच अर्थ रुळला (अंग दुखतंय, अंगात ताप आहे) आणि मग तर माणूसच: प्रकरण अंगाशी येतं, कुणी अंग चोरतं, कुणी अंग काढून घेतं. आणि ज्या अवयवांची नावं तोंडातून निघत नाहीत, तिथंही हाच शब्द पदर धरून उभा. बाळ ‘अंगावर पितं’, बाईच्या ‘अंगावरून जातं’, गर्भाशय खाली सरकलं की ‘अंग बाहेर येतं’. ही वाक्यं शब्दशः घेणाऱ्या डॉक्टरला हातात काहीच लागायचं नाही.

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार निघाले, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. अंगावर काढणं म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट मला सांगता येणार नाही.

आता माझी तक्रार. “मी अंगावर काढलं” हे पेशंट म्हणते तेव्हा त्यात सोसल्याचा थोडा ताठाही असतो. माझी मावशी तर हे जवळजवळ मिरवायची. पण तेच क्रियापद “का अंगावर काढलंत?” असं टेबलापलीकडून आलं की दोषारोप होतो, जणू तिनं ठरवूनच केलं. बुडणारी मजुरी, एसटीचं भाडं, तपासायला पुरुष डॉक्टर, हे सगळं त्या एका क्रियापदात गडप.

तेव्हा केसपेपरवर ‘सहा महिने त्रास, उपचार नाहीत’ एवढं पुरे. आणि तिला विचारायचंच असेल तर, “इतके दिवस यायला काय आड आलं, मावशी?”