जमीन घेण्याआधी पाणथळ तपासा

टेक्सासात दुकानांसाठी जमीन घेताय, तर आराखडा काढायच्या आधी पाणथळ जागेची हद्द आखून घ्या. जमीन कोरडी दिसते यावर जाऊ नका. माती, झाडोरा आणि पाण्याच्या खुणा या तिन्हींवरून पाणथळ ठरते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या सॅकेट निकालानंतर नदी-तलावांना न जोडलेल्या बऱ्याच सुट्या पाणथळींवर केंद्राचा अधिकार उरलेला नाही, पण हे आपणच ठरवून मोकळं व्हायचं नाही. आर्मी कोअरकडून, म्हणजे असे परमिट देणाऱ्या लष्कराच्या अभियंता विभागाकडून, लेखी निर्णय घ्या, तो साधारण ५ वर्षं चालतो. पाणथळीतला भराव अर्ध्या एकरात बसवला तर नेशनवाइड परमिट ३९, म्हणजे व्यावसायिक बांधकामांसाठीचं सरसकट परमिट, मिळू शकतं. त्यापुढे वैयक्तिक परमिट, जाहीर सूचना, पर्यायी जागांची छाननी. त्यापेक्षा पार्किंग थोडं सरकवा, खरंच. आणि कंत्राटदार कितीही घाई करो, परमिटआधी बुलडोझर लावू देऊ नका.