कोकणात पहिलं घर: एकदा आषाढात बघा, एकदा वैशाखात

तुम्ही विचारलंय की दोघांची नोकरी चिपळुणात, हाताशी सात लाख. तर बांधकाम चालू असलेला 32 लाखांचा फ्लॅट घ्यावा, की गुहागर रस्त्याला पाच गुंठे जागा घेऊन सवडीने घर बांधावं? मी रत्नागिरीत पंधरा वर्षांपूर्वी पहिला फ्लॅट घेतला. त्यात जे चुकलं ते आधी सांगतो.

मी फ्लॅट पाहिला मार्चमध्ये. पश्चिमेला मोठी खिडकी, संध्याकाळचा वारा, भिंती गुळगुळीत. जुलैत त्याच भिंतीवर आडवी झड बसायला लागली आणि बेडरूमच्या कोपऱ्यात रंगाला फोड आले. बोट लावलं की पापुद्रा हातात यायचा. कपाट भिंतीला टेकवलेलं होतं, ते गणपतीत उघडलं तर बायकोच्या लग्नातल्या शालूवर पांढरी बुरशी. तो शालू गेला तो गेलाच. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की कोकणातलं घर दोनदा बघायचं, भर आषाढात भिंतींसाठी आणि वैशाखात पाण्यासाठी. तुमची इमारत अजून उभी राहतेय, तर त्याच बिल्डरने चार-पाच वर्षांपूर्वी बांधलेली इमारत पावसात जाऊन बघा. वरच्या मजल्यावरच्या माणसाला विचारा की गच्चीवर पत्रे कधी घातले आणि पैसे कोणी दिले. मे महिन्यात विहिरीला किती पाणी राहतं, टँकर किती मागवावे लागतात, हेही तिथेच कळेल. खाडीजवळ असाल तर विहिरीचं पाणी चाखून बघा, कारण उन्हाळ्यात ते मचूळ होतं.

चिपळूणकरांना पुराबद्दल मी काय सांगावं! पण ज्या जागेवर इमारत उभी राहतेय तिथे 26 जुलै 2005 ला आणि 22 जुलै 2021 ला पाणी कुठवर होतं, हे शेजारच्या दुकानदाराला विचाराच. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. सोबत जागा निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत आहे की बाहेर, ते नगरपरिषदेत बघा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. तुमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी मीटर, पंप आणि गाडी खालीच असतात.

आता पैसे. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण हिशेब 80 टक्केच धरून करा, म्हणजे तुमचे स्वतःचे 6 लाख 40 हजार तिथेच गेले. मुद्रांक शुल्क भागानुसार 5 ते 6 टक्के, ते दीड ते दोन लाख. नोंदणी फी 30 हजार. वर जीएसटी, परवडणाऱ्या घरात बसलं तर 1 टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर तो लागत नाही. म्हणजे या हिशेबाने हातात नऊ लाख हवेत, आणि तुमच्याकडे सात आहेत. हे दोन लाख वैयक्तिक कर्ज काढून उभे करू नका. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, कर्जाला तुम्ही सहअर्जदार राहू शकता. बिल्डर म्हणतोय गणपतीपूर्वी पंचवीस टक्के भरा, तर ते साफ नाकारा. करार नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्यात, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्यात, मनाई आहे. महारेराच्या, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाका, ताबा देण्याची तारीख आणि जागेवर आधीच असलेलं कर्ज तिथे दिसतं. किमतीची तुलना कार्पेटवरच, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवरच, करा.

पाच गुंठ्यांचं म्हणाल, तर मन माझंही तिकडेच ओढतं. चिऱ्याचं घर, पुढे पडवी, मागे दोन नारळ, कोणाला नको असतात? पण सातबारा हातात घ्या आणि नावं मोजा. आपल्याकडे एका तुकड्यावर आजोबांपासूनची सगळी भावकी असते, निम्मी मुंबईत. दोघे सही करायला तयार आणि बाकीच्यांना पत्ताच नाही, असा व्यवहार कितीही स्वस्त असला तरी नको. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचं (जमीन कसणाऱ्याचं) नाव किंवा बोजा (जमिनीवरचं कर्ज) आहे का ते वाचा, आणि जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. जमीन शेतीची असेल आणि तुमच्या घरात कोणी शेतकरी खातेदार नसेल, तर ती सरळ विकतच घेता येत नाही. बिनशेती झालेलीच बघा. आणि रस्ता! पायवाट कोणाच्या तरी अंगणातून जाते, आज तो हसून वाट देतो, उद्या चिऱ्याचा ट्रक न्यायचा म्हटलं की गडगा घालतो. नकाशात रस्ता नसेल तर पुढे बोलूच नका.

तुमच्या जागी मी असतो तर फ्लॅटच घेतला असता, पण या गणपतीत नाही. दीड-दोन वर्षं दर महिन्याला हप्त्याएवढी रक्कम बाजूला टाकली असती. तेवढ्यात ती इमारतही पुरी होईल, आणि एका आषाढात तुम्हाला तिच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघता येईल.