शंटनंतर डायपरही मोज

प्रिय डॉक्टर,

हायड्रोसेफॅलसचं, म्हणजे मेंदूत पाणी तुंबलेलं, बाळ ऑपरेशन थिएटरमधून परत आलं की सगळ्यांचं लक्ष टाळू, टाके आणि ताप यांच्याकडे असतं. तू डायपरचंही वजन कर. कोरड्या डायपरचं वजन वजा केलं की उरलेला एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली लघवी.

तिसऱ्या व्हेंट्रिकलचा (मेंदूतल्या पाण्याच्या एका पोकळीचा) तळ हाच हायपोथॅलॅमस, म्हणजे हार्मोन्स आणि लघवीतलं पाणी सांभाळणारा भाग. आत पाणी तुंबलं की तो ताणून कागदासारखा पातळ होतो. त्यामुळे हार्मोन्सची गडबड अनेकदा शस्त्रक्रियेआधीच असते. शंटची, म्हणजे हे पाणी शरीरात दुसरीकडे वळवणारी, नळी सहसा बाजूच्या व्हेंट्रिकलमध्ये असते, ती इथे पोचत नाही. ईटीव्हीत, म्हणजे दुर्बिणीने पाण्याला नवी वाट काढण्याच्या शस्त्रक्रियेत, मात्र छिद्र याच तळाला पाडतात. ते फार पुढे गेलं तर पिट्यूटरी या हार्मोनग्रंथीच्या देठाला इजा होते. म्हणून ईटीव्हीनंतर पहिले दोन-तीन दिवस सोडियम सहा ते आठ तासांनी बघ.

लघवी सतत ताशी ४ मिली प्रति किलोपेक्षा जास्त आणि सोडियम १४५ च्या वर असेल, तर रक्त आणि लघवी या दोन्हींची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण) एकाच वेळी पाठव. रक्ताची ३०० च्या वर आणि लघवीची ३०० च्या खाली आली तर डायबिटीस इन्सिपिडस (पाणी रोखणाऱ्या हार्मोनच्या अभावाने लघवी वाहत राहणं) धर. पण आधी मॅनिटॉल (लघवी वाढवणारं औषध), लघवीतली साखर आणि सलाईनचा अतिरेक हे तपास. डेस्मोप्रेसिनला, म्हणजे त्या हार्मोनच्या औषधी रूपाला, मी या वयात जरा घाबरूनच असतो, तूही अस. बाळाचं सगळं अन्न पातळ असतं. औषधाने लघवी थांबते, दूध चालूच राहतं आणि सोडियम कोसळून झटके येतात. डोस अगदी छोटा ठेव, आणि लघवी पुन्हा मोकळी झाल्यावरच पुढचा दे. वाढलेलं सोडियम २४ तासांत १० पेक्षा जास्त उतरवू नकोस.

सोडियम कमी दिसलं म्हणून लगेच पाणी तोडू नकोस. मेंदूतलं पाणी बाहेर काढणारा ड्रेन असेल तर मीठ तिथूनच जात असतं. जितकं पाणी निघालं तितकं नॉर्मल सलाईन भरून काढ.

साखर वारंवार उतरते, कावीळ लांबते? मग कॉर्टिसॉल (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं हार्मोन) आणि फ्री टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) पाठव. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं पिट्यूटरीचं हार्मोन) नॉर्मल आहे एवढ्यावर थांबू नकोस, पिट्यूटरीच्या दोषात तो फसवतो. नवजाताला कॉर्टिसॉलची दिवस-रात्रीची लय नसते, म्हणून सकाळी आठच्या नमुन्याला अर्थ नाही. साखर उतरलेली असतानाच रक्त घे. कॉर्टिसॉल आणि टी-फोर दोन्ही कमी असतील तर आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची भरपाई), मग थायरॉक्सिन. उलट क्रमाने अ‍ॅड्रिनल क्रायसिस (कॉर्टिसॉल कमी पडून जिवावर बेतणं) ओढवतो. हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाल्यावर लघवी अचानक वाढली तर दचकू नकोस: कॉर्टिसॉलच्या अभावाने झाकलेला डायबिटीस इन्सिपिडस आता उघडा पडतो. एमआरआयवर सेप्टम पेल्युसिडम (बाजूच्या दोन व्हेंट्रिकलमधला पातळ पडदा) नसेल तर डोळ्यांच्या नसाही तपासून घे.

पुढे प्रत्येक शंट तपासणीला उंची मोज. मुलीला ८ वर्षांआधी स्तनवाढ, मुलाच्या वृषणांचं आकारमान ९ वर्षांआधी ४ मिली झालं, तर एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे पाठव, शंट उत्तम चालत असला तरी. मायलोमेनिंगोसीलच्या (जन्मतः पाठीच्या कण्यात फट असलेल्या) मुलांत हे लवकर वयात येणं जास्त दिसतं. पालक आधी खूश असतात, मूल झपाट्याने उंच होतंय म्हणून. हाडं लवकर जुळली की वाढ तिथेच थांबते. हे डिस्चार्ज कार्डावर आजच लिहून ठेव.